टाकलेलीचं वावर

बोरगव्हाणात नाव नसलेलं वावर सापडायचं नाही. चिंचखालचं, लवणातलं, हाडकी, कोल्हेटेक ही साधी नावं झाली. त्यापलीकडे रडकी आहे, जिथे पावसाळ्यात पाणी साचतं आणि नांगरणारा रडकुंडीला येतो. जावईपट्टी आहे, ती कुणा जावयाने सासऱ्याच्या दारात ठिय्या मारून मिळवलेली. आणि उपाशी नावाची एक टेकडावरची चिंधी आहे, तिच्यावर आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही. कागदावर या सगळ्यांना गट नंबर आहेत, पण ते तलाठ्याला ठाऊक आणि बँकेला. अमुक गट नंबरात बैल शिरला असं कुणी ओरडलं, तर बैल काढायला गावातलं एक माणूस धावणार नाही.

यातल्या एका वावराचं नाव मात्र भागुबाईसमोर कुणी घेत नसे, कारण ते तिचंच वावर होतं. दिंडोरीच्या रस्त्यापासून आत, ओहोळाच्या अलीकडची अरुंद पट्टी. दोन्ही अंगांना तिच्या भाच्याच्या, रवीच्या, द्राक्षबागा. तारांचे मांडव थेट तिच्या बांधाला येऊन टेकलेले. रस्त्यावर जायचं तर भाच्याच्या बागेतून जायचं, आणि बागेत ब्लोअरने फवारणी चालली असली की ती उरकेपर्यंत पदर नाकाला लावून आपल्या पट्टीत उभं राहायचं. त्या पट्टीचं नाव होतं टाकलेलीचं वावर.

नाव जुनं. सगुणा नावाची भागुबाईच्या माहेरच्या घराण्यातली कुणी लेक पेठकडच्या डोंगरातून पायी माहेरी आली. नवऱ्याने टाकलेली. भावजयांनी चुलीपाशी जागा दिली नाही. बापाने ओहोळाकाठची दगडांनी भरलेली पट्टी दाखवली आणि म्हणाला, ह्यात पिकव नि खा. तिने दगड वेचून बांध घातला आणि मरताना सांगून गेली की ही जागा माझ्यासारखीची. तेव्हापासून रीत पडली. घरातली लेक सासरहून माघारी आली आणि न्यायला कुणी आलं नाही, तर ती पट्टी तिची. ती आहे तोवर तिची, तिच्यामागे पुढच्या माघारी आलेलीची. मधल्या काळात घरच्यांनी कसावी, पण विकू नये, वाटणीत धरू नये. एका भावाने विकायला काढली होती म्हणतात. सौद्याच्या दिवशी त्याचा बैल त्या पट्टीत बसला तो उठला नाही. बैल आजारी असेल, म्हातारा असेल, पण बैलाला कुणी विचारलं नाही आणि विकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

रीत चांगलीच म्हणायची, पण गावाने तिला शेपूट जोडलं. लग्नाचं वऱ्हाड त्या बांधावरून जात नाही. हळद लागलेल्या नवरीला तिकडे बघू देत नाहीत. त्या पट्टीतलं फूल गावातल्या तोरणाला चालत नाही, नवरीच्या ओटीत तिथला दाणा घालत नाहीत. भागुबाई तिथे झेंडू लावते. तोच झेंडू टेम्पोत बसून नाशिकच्या फुलबाजारात उतरला की लगेच सोवळा होतो. एकदा गावातल्या एका लग्नाला नाशिकहून हार आणले होते, त्यात भागुबाईने आपली फुलं ओळखली, म्हणजे तिला तरी तसं वाटलं. ती पंगतीला बसली आणि दोन घास जास्तच जेवली.

ती या पट्टीत कशी आली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी सोडून गेला. जाताना म्हणाला, क्वार्टर मिळालं की घ्यायला येतो. क्वार्टर मिळालं. त्यात राहायला दुसरी बाईही मिळाली. भागुबाई पुढच्या आखाजीपर्यंत पेटी भरून बसली होती. बाप होता तोवर म्हणायचा, माझ्या लेकीला भाकर जड झाली नाही. बाप गेला आणि भाकर जड झाली. भावाने हक्कसोडीवर सही मागितली. भावाशी वाकडं नको म्हणून तिने ती करून दिली. तेव्हा पट्टी तिच्या आत्याकडे होती, तीही माघारी आलेलीच. आत्या गेली तेव्हा तिचं खुरपं भागुबाईच्या हातात आलं. कागदावर भागुबाईच्या नावाने काही नाही. जे आहे ते गावाच्या तोंडी आहे.

त्या तोंडाचं काय सांगावं? गाव वाईट नव्हतं. समोर आली की भागूआक्का, भागूआत्या. फुलं कशी आहेत, गुडघा कसा आहे. पण मांडवाआड राबणाऱ्या मजुरांना ती दिसत नसे, आणि तारांपलीकडून हाक यायची, "टाकलेलीच्या बांधापातुर छाटून घ्या रे." भागुबाई वाफ्यात ओणवी तशीच राहायची. पहिल्या वर्षी रडली. मग रडायची थांबली, पण सवय मात्र झाली नाही. माणसाला पुष्कळ गोष्टींची सवय होते असं लोक म्हणतात. ज्यांना रोज कुणी त्या नावाने हाक मारत नाही तेच हे म्हणतात.

त्या नावाच्या मरणाची ती वाट बघत होती. म्हातारी माणसं एकेक करून जात होती, नवी पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसून जात होती, त्यांना हाडकी कुठे आणि रडकी कुठे हे सांगता येत नव्हतं. अजून थोडी वर्षं तग धरली तर हे नाव आपल्याआधी जाईल, असं तिला वाटे. आयुष्यात दुसरं काही मागायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

आणि नेमकी अशात अंजली मॅडम गावात आली.

अंजली नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायची. खेड्यांतल्या वावरांची नावं आणि त्यांच्यामागच्या गोष्टी नाहीशा व्हायच्या आत नोंदवून ठेवायच्या, हे तिने मनावर घेतलं होतं. आजूबाजूला प्लॉट पडत चालले होते, आणि प्लॉटला नाव लागतं ते बिल्डरच्या बायकोचं नाहीतर फ्रान्समधल्या एखाद्या गावाचं. मुलगी गोड होती, चिखलात चप्पल हातात घेऊन चालायची, म्हाताऱ्यांच्या खोकल्यासकट सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करायची. सरपंचांना तिच्यापेक्षा जास्त उत्साह आला. ते म्हणाले, नावं नुसती पुस्तकात कशाला, प्रत्येक बांधावर नाव कोरलेला दगड बसवू, दसऱ्याच्या आत काम उरकू. दगडावर नाव कोरायला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

भागुबाईला हे टेम्पोवाल्याने सांगितलं. आजवर ते नाव बोलण्यात होतं. बोलणं विरून जातं. आता ते तिच्या बांधावर, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभं राहणार होतं आणि ती मेल्यावरही उभंच राहणार होतं. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शिवार फिरायला निघालेली मंडळी तिच्या पट्टीशी आली तेव्हा ती झेंडूत खुरपत होती. पुढे पुंजारामभाऊ, सगळी शीव पायाखाली घातलेला म्हातारा, भागुबाईला लहानपणापासून बहीण मानणारा. मागे अंजली मॅडम, रवी आणि चारदोन गावकरी. प्रत्येक बांधाशी पुंजारामभाऊ थांबे, नाव सांगे, गोष्ट सांगे, वर दोन शिव्याही हासडे. इथे थांबला आणि खाकरला. त्याने भागुबाईकडे बघितलं. भागुबाईने मान खाली घातली. अंजलीने मोबाइल पुढे धरला होता.

"हे भागूचं," म्हातारा म्हणाला. "आत्याचं वावर म्हनायचं ह्याला."

"कुणाची आत्या?" अंजलीने विचारलं.

"सगळ्या गावाची. ती काय, फुलांत बसलीय."

"आत्याचं वावर," रवी लगेच म्हणाला. "लिहा मॅडम."

मागच्या गावकऱ्यांनी माना डोलावल्या. एकानेही हसू दाबलं नाही, एकानेही डोळा मारला नाही. मॅडमने विचारलं की यामागे काही गोष्ट? पुंजारामभाऊ म्हणाला, गोष्ट कसली, ती फुलं लावती. आणि मंडळी पुढच्या बांधाला गेली.

भागुबाई झेंडूतच बसून राहिली. चार माणसांनी मिळून, आपसात काही न ठरवता, तिचा मान राखायला म्हणून, नुसत्या लिहाजापोटी तिच्या अंगावरचं ते नाव काढून घेतलं होतं. पुंजारामभाऊच्या पायावर डोकं ठेवावं असं तिला वाटलं. मंडळी दूर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्याचं वावर." पुन्हा एकदा म्हणाली. माहेरी आल्यापासून इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने स्वतःसाठी गुळाचा शिरा केला.

शिऱ्याची चव तोंडात होती तोवर भाग्यश्री तिच्या ध्यानात आली नाही.

भाग्यश्री रवीची थोरली लेक. सटाण्याला दिली होती. सासरचा कांद्याचा व्यापार. आखाजीला माहेरी आली होती. मग पाऊस आला, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले, भाग्यश्री इथेच. कुणी विचारलं की तिची आई छाया सांगे, तब्येत बरी नाही, आरामाला आलीय. सांगताना पोरीला रोज नवं दुखणं लावी, कधी पित्त, कधी कंबर. भाग्यश्री संध्याकाळची भागुबाईच्या बांधावर येऊन बसायची. बांधावरच, आत पाऊल टाकायची नाही. मोबाइल मांडीवर ठेवून ती झेंडूकडे बघत राहायची. छाया तेवढ्यात घरून हाक मारायची आणि ती उठायची.

एकदा बसल्या बसल्या तिचा फोन वाजला. ती फक्त हं, हं करत होती. ठेवल्यावर म्हणाली, "सीझन आटपला का घ्यायला येतो म्हन्ले."

भागुबाईच्या हातातलं खुरपं थांबलं. "कोनता सीझन?" तिने विचारलं.

"कांद्याचा."

कांद्याचा सीझन सटाण्याला आटपतो कधी, हे दोघींनाही ठाऊक होतं. उन्हाळी आटपला की लाल येतो. त्या दिवसापासून भागुबाईचा हलकेपणा गेला.

आठवडाभराने रवी आला, भलत्याच खुशीत. भाचा तसा मायेचा होता. तिचा गुडघा दुखला की नाशिकला डॉक्टरकडे तोच नेई. बांधावर बसून त्याने तंबाखू मळली.

"आत्या, तुझा दगड मी सोताच्या हातानं बसवनार हाय," तो म्हणाला. "चांगला काळा दगड आनतो."

"कशाला एवढं?"

"का नको? आनि आईक. इथं पुढं चार खोल्या काढायच्या मनात हाय. नाशिकची, मुंबईची मानसं येत्यात बागा बघाया. रातभर ऱ्हात्यात. दारात दगड, आत्याचं वावर. त्यांना सांगू, ही आमची आत्या. तुला खोलीत बसवून ठेवीन, काम करू देनार नाय."

"माझ्यामागं?"

"तुझ्यामागं तुझी आठवन ऱ्हाईल. आनिक काय पायजे?"

भागुबाईने एक कोमेजलेलं फूल खुडून बाजूला टाकलं. "आनि पोरीचं?"

"कोनत्या पोरीचं?"

भाग्यश्री संध्याकाळी बसायची त्या जागेकडे तिने बघितलं. रवीच्या तोंडावरची खुशी उतरली. तंबाखू त्याने खाल्ली नाही, तशीच खाली झटकली.

"भाग्यश्री तिच्या घरी जानार हाय," तो म्हणाला. "ते येनारेत घ्यायला. तू तिच्या कपाळी हे लावू नको, आत्या. पाया पडतो तुझ्या."

तो खरोखरच वाकला, आणि निघून गेला. रागावला असता तर भागुबाईला सोपं गेलं असतं.

मग तिला सगळं दिसलं. आत्याचं वावर म्हणजे एका आत्याचं. ती आत्या मेली की ते संपलं. मग ते रवीचं, मग त्याच्या मुलाचं, मग त्या चार खोल्यांचं. जुन्या नावात कुणा एकीचं नाव नव्हतं. सगुणा गेली तरी जागा राहिली, तिची आत्या गेली तरी राहिली. ज्या नावाखाली ती जन्मभर दबून होती त्या नावानेच तिला पायाखाली जमीन दिली होती, कारण ते नाव गावात होतं म्हणून भावाची आणि भाच्याची ती पट्टी बागेत घ्यायची हिंमत झाली नव्हती. भल्या माणसांनी तिच्या मानासाठी ते पुसलं होतं आणि त्याबरोबर पुढच्या लेकीची जागाही पुसली होती. रवी आहे तोवर भाग्यश्रीला भाकर कमी पडणार नाही, हे भागुबाईला ठाऊक होतं. भागुबाईचा बापही तेच म्हणायचा.

आणि तरी तिला ते नाव परत नको होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. नुकतं कुठे मोकळं झालेलं अंग पुन्हा त्याच काट्यात घालायचं, आणि वर एका कोवळ्या पोरीला ओढायचं? गप्प बसलं तर पोर उद्या भावजयीच्या चुलीपाशी लाचार. बोललं तर पोर आजच टाकलेली. तिने देवाला विचारलं, कामाला विचारलं, रात्रंदिवस स्वतःला विचारलं. कुणीकडूनही वाट नव्हती, आणि ज्या दोन होत्या त्या दोन्हींच्या तोंडाशी भाग्यश्री उभी होती.

छायाला कुणकुण लागली असावी. ती दुपारची भागुबाईच्या पडवीत आली आणि उभ्यानेच बोलली.

"आत्याबाई, तुमी नावांच्या सभेत काय बोलू नका. पोरीच्या नावाला ते लागायला नको. आजून जुळंल."

"आनि न्यायला नाय आला तर?"

छायाने पदराने तोंड पुसलं. "येईल," ती म्हणाली. पाणीसुद्धा न पिता ती परत गेली.

दसऱ्याला दहाएक दिवस उरले असताना मारुतीच्या मंडपात सभा भरली. दगड कोरायला टाकण्याआधी नावं सगळ्यांसमोर वाचून पक्की करायची होती. लाउडस्पीकर लावला होता, तो गावच्या प्रथेप्रमाणे आधी खूप वेळ किंचाळला. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या पलीकडे. छायाशेजारी भाग्यश्री बसली होती. आरामाला आलेली पोर सभेत दिसली तर बरी आहे असं वाटेल, म्हणून तिला आणली असावी.

अंजली एकेक नाव वाचत होती आणि गाव मजेत होतं. उपाशीच्या मालकाने नाव बदलून मागितलं, तर बाकीच्यांनी त्याच्या पोटाकडे बोट दाखवून नवं नाव सुचवलं. जावईपट्टीवरून दोन घरांत तिथल्या तिथे जुंपली. मग अंजली म्हणाली, "ओहोळाच्या अलीकडे, आत्याचं वावर. बरोबर आहे ना?"

"बरोबर," दोघंतिघं म्हणाले.

भागुबाई खांबाला धरून उठली. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. सकाळी घरून निघताना गप्प बसायचं ठरवून निघाली होती. पण बरोबर हा शब्द तिने ऐकला, आणि खांबाच्या पलीकडे भाग्यश्री मोबाइल हातात धरून बसली होती, तो वाजतो का बघत.

"मॅडम, ते चुकलंय," भागुबाई म्हणाली.

अंजलीने माइक हातात घेऊन तिच्याजवळ आणून धरला. "सांगा मावशी."

"टाकलेलीचं वावर."

हा शब्द तिने जन्मात कधी तोंडातून काढला नव्हता. आवाज इतका बारीक निघाला की माइकलाही तो उचलता आला नाही. मॅडमचा हेतू वाईट नव्हता, ती म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा सांगता? जरा मोठ्यानं."

भागुबाईने पुन्हा सांगितलं. या वेळी ते मारुतीच्या कळसावरच्या भोंग्यातून साऱ्या शिवारात गेलं.

"आत्या, बस खाली," रवी म्हणाला.

"बसते. आधी त्यांना लिहू दे." तिने माइक धरला नव्हता, खांबच धरला होता. "आमच्या घरातली लेक माघारी आली, आनि न्यायला कोन आलं नाय, का ते वावर तिचं. इकायचं नाय. वाटनीत धरायचं नाय. माझ्या आधी माझी आत्या व्हती. तिच्या कितीतरी आधी सगुणा. माझ्यामागं..."

इथे ती थांबली. पुढचं नाव तिने घेतलं नाही, घेणारही नव्हती. पण सतरंजीवरच्या सगळ्या माना एकदम खांबांच्या पलीकडे वळल्या. भाग्यश्रीने मान इतकी खाली घातली की तिचा चेहरा दिसेना. भागुबाईने ते पाहिलं, आणि आपण काय केलं ते तिला पुरतं कळलं.

"पुंजारामभाऊ," ती म्हणाली, "खरं का खोटं ते तू सांग."

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. "खरं हाय," तो म्हणाला. "आमी लिहाज केला, भागू. तुझ्यासाठीच केला."

"म्हाईत हाय भाऊ."

अंजलीने खाली मान घालून लिहिलं. मग हळू आवाजात तिने विचारलं, "दगडावर हेच कोरायचं का?"

"हेच," भागुबाई म्हणाली आणि बसली.

रवी तिच्याशी बोलायचा बंद झाला. त्याने वाट अडवली नाही, फवारणीच्या वेळा कळवायचंही थांबवलं नाही. मजुराकडून निरोप पाठवी. चार खोल्यांची गोष्ट कुणी काढली नाही, कारण सभेत ऐकलेली रीत आता साऱ्या गावाच्या तोंडी होती, अगदी इंग्रजी शाळेतल्या पोरांच्यासुद्धा. दगड सरपंचांनी बसवला. काळा नव्हता, साधाच होता, पण अक्षरं ठळक होती. छाया एकदाच आली. बांधावर उभी राहून म्हणाली, "आता तो येनार नाय. तुमच्यामुळं." तो आला असता का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि या न कळण्याचं ओझं आपण मरेपर्यंत वागवायचं आहे हे तिला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाट सरताना ती झेंडू तोडत होती. टेम्पो यायचा होता आणि निम्मी फुलं अजून झाडावर होती. बांधावर कुणी येऊन उभं राहिलं. भागुबाईने वर बघितलं नाही. पावलं ओळखीची होती.

भाग्यश्री आली होती. तिच्या हातात मोबाइल नव्हता. मग ती म्हणाली, आणि आवाज रडून रडून बसलेला होता, "आत्याआजी, मला नको हाय हे वावर."

भागुबाईचे हात चालतच राहिले. तिने ओंजळभर फुलं ओच्यात टाकली.

"मलाबी नको व्हतं," ती म्हणाली.